करंगळीवरचं सूत

आमच्या महिला व्हॉलीबॉल क्लबला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली आणि क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे ते मी मागून घेतलं होतं. दुसरी कोणी लिहायला बसली असती तर तिने चार जणींना विचारलं असतं, जुनी कात्रणं उपसली असती, आणि ते मला नको होतं. चोराच्या मनात चांदणं.

पहिली दहा पानं झरझर लिहून झाली. क्लब काढला कापडगिरणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. दिवसभर मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांना सूज यायची आणि त्यावर गोळ्या देऊन देऊन त्या कंटाळल्या होत्या. "गोळी नको, उडी मार," असं म्हणत त्यांनी शिफ्ट सुटल्यावर आम्हाला गोदामामागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. जाळं विकत आणून द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आम्ही ते टाकाऊ सुताचं विणलं. ते इतकं सैल झालं की चेंडू त्यात जाऊन बसायचा आणि काढायला स्टूल आणावं लागायचं. गणवेश गिरणीतल्या नापास कापडाचे. पहिल्याच सामन्यात घामाने त्यांचा रंग सुटला, आणि दुसऱ्या सेटपर्यंत चेंडू निळा, समोरच्या बायकांचे हातही निळे. तो सामना आम्ही सपशेल हरलो. एका सेटमध्ये आम्हाला दोन पॉइंट मिळाले, तेही समोरची बाई हसत होती म्हणून.

त्याच आम्ही पुढे विभागीय करंडक सात वेळा आणला आणि महाकरंडक एकदा. आमच्यातल्या तिघी पंच झाल्या. एकीने दोन सेटच्या मध्ये बाकावर बसून मुलाला पाजलं आणि उठून सलग पाच पॉइंट घेतले. हे सगळं मी खुलवून लिहिलं. लिहिताना मजा आली हेही कबूल करते.

पण आमचं नाव झालं ते करंडकांमुळे नाही, हातामुळे. नर्सबाईंचा पहिला नियम असा होता: चेंडू आपल्या बोटाला लागून बाहेर गेला आणि पंचांना ते दिसलं नाही, तर आपण आपला हात वर करायचा. सरळ, दंड कानाला टेकवून. आणि पंचांची शिट्टी वाजेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. दुसरा नियम: हात फक्त स्वतःचा. शेजारणीचं बोट लागलेलं डोळ्यांनी दिसलं तरी तिच्याकडे वळूनसुद्धा बघायचं नाही. "तिचा हात तिने वर करायचा," नर्सबाई म्हणायच्या. "तुम्ही एकमेकींच्या चहाड्या करायला लागलात तर मी जाळं गुंडाळून घरी नेईन." जगात हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. आमच्यात उलटं होतं. बाकीचे संघ आम्हाला 'हातवाल्या' म्हणून चिडवायचे. पंच मात्र खूश होते. शंका आली की ते सरळ आमच्या हातांकडे बघायचे.

अकराव्या पानावर महाकरंडक आला आणि माझं पेन थांबलं.

माझी वही छपाईसाठी उतरवून घ्यायचं काम आमच्या चिटणीसकडे होतं. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिला डॉक्टरांची अक्षरं लागतात, तर माझं काय घेऊन बसलात. एक दिवस तिने मला क्लबच्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवरच्या हिरव्या फलकासमोर उभं केलं. महाकरंडक जिंकणाऱ्या संघाचा तो फलक. त्यावर सगळ्यांची टोपणनावंच आहेत, कारण गिरणीत खरी नावं फक्त हजेरीपटाला माहीत होती. सगळ्यात वर माझं: शिडी. उंचीमुळे.

"मावशी, संघ नऊ जणींचा होता ना? इथे आठच आहेत. मधली ओळ रंगवून टाकलीय."

"सोडून गेली ती."

"सोडून गेली तर रंग कशाला मारायचा?"

"जुनी गोष्ट आहे गं."

"अहो, जुन्याच गोष्टी लिहायच्यात ना आपल्याला?" ती हसत म्हणाली आणि तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. रंगाखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे होते. ती एकेक अक्षर चाचपत गेली आणि म्हणाली, "ठिणगी. अय्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या? त्यांना सगळे ठिणगीताईच म्हणतात! मी आजच विचारून येते."

"मी जाते," मी म्हणाले. इतक्या घाईने म्हणाले की तिने चमकून माझ्याकडे बघितलं.

"बरं, तुम्ही जा. आणि हो, शनिवारी सत्कार तुमचाच आहे बरं का. नर्सबाईंच्या नावाचं मानचिन्ह पहिल्यांदाच देतोय. सचोटीसाठी."

मला वाटलं, आता या जमिनीने मला पोटात घ्यावं. पण मी काय केलं? "कशाला गं उगाच," असं म्हणाले आणि पदर सावरला. इतकी वर्षं हेच जमलंय मला.

आता त्या दिवसाचं सांगते. अंतिम सामना, पाचवा सेट, आम्ही चौदा, त्या तेरा, आणि सर्व्हिस आमची. तेव्हा सर्व्हिस ज्यांच्याकडे त्यांनाच पॉइंट मिळायचा. जाळ्याशी ठिणगी आणि मी शेजारी शेजारी होतो. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, पण तिची उडी अशी की हवेत आमच्या दोघींचे हात एका रेषेत यायचे. तिला करंगळ्यांभोवती गिरणीचं जाड सूत गुंडाळायची सवय होती. आठ वेढे आणि गाठ आतल्या बाजूला. तेच सूत सगळ्या क्लबात तिची खूण झालं होतं. त्या दिवशी सकाळी सरावात माझी उजवी करंगळी मुरगळली. मी कोणाला सांगितलं नाही, कारण नर्सबाईंनी मला बाहेर बसवलं असतं. ठिणगीने मला न्हाणीघरात ओढून नेलं, स्वतःच्या रिळातलं सूत काढलं आणि माझ्या करंगळीला आठ वेढे घातले. "कोणाला सांगत नाही, जा," असं म्हणाली.

समोरच्या बाईने चेंडू हाणला. आम्ही दोघींनी उडी मारली. चेंडू माझी करंगळी मागे वाकवून गेला आणि मैदानाच्या बाहेर पडला. इतकं दुखलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी रेषेवरच्या पंचांनी खूण केली ती 'नुसताच बाहेर' अशी. सामना आमचा.

माझा हात वर निघाला होता, हे शपथेवर सांगते. खांद्यापर्यंत आला होता. तेवढ्यात कोणीतरी आनंदाने तोच हात पकडला आणि नाचायला लागली. तो सोडवून घेता आला असता. सोडवून वर केला असता तर आम्ही हरलोही नसतो, नुसती सर्व्हिस त्यांच्याकडे गेली असती आणि खेळ पुढे चालला असता. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प राहिले. मग न्हाणीघरात जाऊन सुजलेल्या करंगळीवरचं सूत दातांनी तोडलं आणि मोरीत टाकलं.

तीन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. जाळ्याच्या पट्टीमागे दोघींचे चेहरे लपलेले, वर चार पुसट हात, आणि त्यांत स्पष्ट दिसणारी एकच, चेंडूने मागे वाकवलेली करंगळी. सूत गुंडाळलेली.

नर्सबाईंनी तो फोटो क्लबच्या टेबलावर ठेवला. आम्ही नऊ जणी भोवती उभ्या होतो. त्या ठिणगीकडेच बघत होत्या. सगळ्याच तिच्याकडे बघत होत्या. सूत कोणाचं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"ठिणगे, अजून वेळ गेलेली नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हात वर कर. मी काही बोलणार नाही."

"माझा नव्हता, बाई."

"मग कोणाचा?"

ठिणगी गप्प राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नियमच होता तसा. पहिला नियम मी मोडला होता आणि दुसरा ती पाळत होती. मी मूग गिळून तिच्या शेजारी उभी होते, सुजलेली करंगळी मुठीत धरून. एकदाच म्हणायचं होतं, "माझा." दोन अक्षरं. त्या आठवड्यात कॅप्टन ठरणार होती आणि नाव माझं नाहीतर तिचं, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तेव्हा हे आठवत होतं. नव्हतं आठवत असं म्हणणं आणखी एक खोटं होईल.

नर्सबाईंनी स्पर्धेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की निकाल बदलत नाही. मग त्यांनी हिरवा रंग मागवला. ठिणगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. कॅप्टन मी झाले. सातपैकी पाच विभागीय करंडक माझ्या हातून आले.

तर असा हा इतिहास. एकदा जाऊन तिला सगळं सांगायचं असं ठरवून मी ठिणगीच्या दुकानात गेले, पण जाताना एक जुना कोट सोबत घेतला. अस्तर बदलायचं निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड मरेपर्यंत जायची नाही.

दुकान दीड खणाचं. एक शिलाई मशीन, एक काजं करायचं मशीन, आणि खुंटीवर लोकांनी न नेलेले कपडे, चिठ्ठ्या टाचलेले. गळ्यात मोजपट्टी टाकून ती कात्रीने एक उसवलेली बाही सोडवत होती. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीला बांधलेला. मला बघून तिने कात्री खाली ठेवली, पण उठली नाही.

"ये, शिडे," ती म्हणाली. एकोणचाळीस वर्षांनी.

"अस्तर बदलायचंय."

"घाल बघू अंगात."

मी कोटात डावा हात घातला. उजवा काही जाईना. वर्षभर माझा खांदा आखडलाय, वेणीसुद्धा सून घालून देते. मी धडपडत राहिले. तिने न बोलता उठून माझा दंड खालून धरला, अलगद वळवला आणि बाहीत सरकवला. मग अस्तर चिमटीत धरून पाहिलं.

"अस्तर धडधाकट आहे. खरं काम काय ते बोल."

मग मी बोलले. सगळं. करंगळी, सूत, मोरी. तिला ते माहीत होतं, तरी बोलले. तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आत आली, तर ठिणगीने तिला "तासाने या" म्हणून परत पाठवलं.

"स्मरणिकेत हे सगळं लिहिणार आहे मी," मी शेवटी म्हणाले. "तुझं नाव परत घालायला लावते."

"नर्सबाईंना सांगितलं होतंस?"

"नाही."

"त्यांना जाऊन सात वर्षं झाली. त्याआधी बत्तीस वर्षं होती तुझ्याकडे."

मी खाली मान घालून कोटाचं बटण फिरवत बसले.

"शेवटी शेवटी मीच जायचे त्यांच्याकडे," ती म्हणाली. "त्यांचे गाऊन आत घ्यायला. दर महिन्याला दोन बोटं आत घ्यावा लागायचा, इतक्या वाळल्या होत्या. एकदा माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ठिणगे, मी जायच्या आधी एकदा हात वर कर गं."

"मग?"

"मग काय. केला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणाले, "अगं पण तुझा नव्हता तो!"

"त्यांना कोणाचा तरी हवा होता. बत्तीस वर्षं ती बाई एका हाताची वाट बघत होती. ज्याचा होता तो काही येत नव्हता. म्हटलं, माझा तर माझा." तिने चष्मा पुसला. "शहाणी पोर, म्हणाल्या. डोक्यावरून हात फिरवला. मग पाच दिवसांनी गेल्या."

इतके दिवस मला वाटायचं की माझ्या लाजेचा तळ मी पाहिलाय. फोटोपुढे गप्प उभी राहिले तो तळ. छे. त्याखाली आणखी एक मजला होता आणि तिथे ही बाई माझ्या वाटणीचा हात वर करून उभी होती. आणि मी नर्सबाईंच्या अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे चालले होते, कॅप्टन म्हणून.

"मी लिहिते," मी पुन्हा तेच म्हणाले. "एकूण एक लिहिते."

आता मात्र तिचा आवाज चढला. "लिहून काय होतंय? आपल्यात कधी कोणी पंचांना चिठ्ठी पाठवली होती का? स्मरणिका लोक चाळतात आणि रद्दीत घालतात. तुला सोपं पडेल, एवढंच." मग तिने कोट माझ्या अंगातून काढला, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घालताना आधी दुखरा हात घालत जा. नंतर चांगला."

"शनिवारी येशील?"

"शनिवारी गिऱ्हाईक असतं मला."

शनिवारी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. आता आमचं जाळं विकतचं आहे आणि गणवेशांचा रंग जात नाही. सभेनंतर दाखवण्यापुरता एक सामना होता, म्हणून आताच्या संघाच्या मुली एका बाजूला ओळीने उभ्या होत्या आणि पंचबाई गळ्यात शिट्टी अडकवून बसल्या होत्या. पुढच्या रांगेत आमच्या वेळच्या चौघी होत्या. सून नातीला घेऊन आली होती. चिटणीसने हात वर करायच्या नियमाबद्दल छान सांगितलं, माझ्याच वहीतून, आणि मला माइकपाशी बोलावलं.

रात्रभर भाषण घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. मग मी हात वर करायला लागले. उजवा. खांद्यापर्यंत आला आणि अडकला, एकोणचाळीस वर्षांपूर्वी आला होता तिथेच. डाव्या हाताने कोपर धरलं आणि ढकललं. खांद्यात कळ आली. दंड काही कानाला टेकला नाही, पण हात वर गेला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, म्हातारी नियम करून दाखवतेय. संघाच्या मुलींनी तर हसत हसत आपापले हात वर केले, सगळ्या जणींनी, दंड कानाला टेकवून. नातीनेही केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. क्षणभर मनात आलं, इथेच थांबावं. किती छान दिसतंय. मानचिन्ह घ्यावं आणि घरी जावं. माझ्यासारखीच्या मनात दुसरं काय येणार?

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले.

"मी करून दाखवत नाहीये," मी म्हणाले. "महाकरंडकाच्या शेवटच्या पॉइंटला चेंडू माझ्या करंगळीला लागला होता. हात मी वर केला नाही. फोटोतलं बोट माझं आहे. त्यावरचं सूत ठिणगीने माझं बोट दुखत होतं म्हणून बांधलं होतं. तिचं नाव माझ्यामुळे पुसलं गेलं. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. मी बोलले नाही. हे मानचिन्ह माझं नाही, आणि फलकावर रंग मारायचा तर वरच्या ओळीवर मारा."

मुलींचे हात एकेक करून खाली आले. चिटणीस हातात मानचिन्ह घेऊन तशीच उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या चौघींपैकी एकीने तोंडाला रुमाल लावला आणि दुसरी तोंड फिरवून बसली. सून माझ्याकडे बघत नव्हती. नातीने विचारलं, "आजी खोटं खेळली?" आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

माझा हात वरच होता. शिट्टी वाजेपर्यंत खाली घ्यायचा नाही. पंचबाईंना काही कळेना, त्या नुसती शिट्टी बोटांत फिरवत होत्या. खांद्यातून मानेपर्यंत आग लागली होती. मी हात धरून उभी राहिले. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

मग खुर्च्यांच्या मागून कोणीतरी चालत आलं. कामावरून उठून आल्यासारखी, गळ्यात मोजपट्टी तशीच. कधी आली होती, किती ऐकलं होतं, देव जाणे. ती मंचावर चढली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. चार लोकांत चार शब्द सुनावेल. मी तयार होते. मला ते हवंच होतं.

ठिणगीने माझा दंड खालून धरला.

"घे आता खाली," ती हळूच म्हणाली. "दुखत असेल तुला."

आणि तिने तो हात सावकाश, कळ येणार नाही अशा बेताने खाली आणला. तिने एक मुस्कटात दिली असती तरी मला इतकी लाज वाटली नसती.